जोडणी आहे, सेवा नाही

जून-जुलै महिने आले की महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांच्या कार्यालयांत एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. प्रवेशाचा किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची मुदत संपत आलेली असते, खिडकीबाहेर विद्यार्थ्यांची व पालकांची रांग लागलेली असते, आणि खिडकीआड बसलेला लिपिक संगणकाच्या पडद्याकडे हताशपणे पाहत असतो. भिंतीवर टांगलेल्या राउटरवरचा हिरवा दिवा केव्हाच मालवलेला असतो आणि त्याच्या जागी तांबडा दिवा लुकलुकत असतो. ‘नेट गेले आहे, दुपारी या,’ एवढेच काय ते उत्तर रांगेला मिळते. दुपारची संध्याकाळ होते, संध्याकाळचा दुसरा दिवस उजाडतो, आणि मुदत मात्र ठरल्या वेळी संपते.

मधल्या काळात त्या लिपिकाने काही केलेले नसते असे नाही. कंपनीच्या तक्रार केंद्राला त्याने दूरध्वनी केलेला असतो. ध्वनिमुद्रित आवाजाने सांगितलेली बटणे एकामागून एक दाबून झाल्यावर, संगीताच्या साथीने पंधरा मिनिटे तिष्ठत राहिल्यावर, पलीकडून कोणी सजीव माणूस बोलू लागला तर तो प्रथम राउटर बंद करून पुन्हा चालू करावयास सांगतो. तेवढ्याने भागत नाही हे दोघांनाही ठाऊक असते. मग एक लांबलचक तक्रार क्रमांक दिला जातो आणि दुरुस्तीसाठी माणूस येईल असे आश्वासन मिळते. माणूस येत नाही. परंतु दुसऱ्या दिवशी मोबाइलवर संदेश येतो की, आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे! राउटरवरचा दिवा तांबडाच असतो. महिनाअखेर बिल येते ते मात्र पूर्ण तीस दिवसांचे.

या प्रकाराला गैरसोय म्हणून सोडून देण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत. शिक्षकांचे पगार ‘शालार्थ’ प्रणालीतून निघतात, शाळेची माहिती ‘यू-डायस’वर भरावी लागते, मागासवर्गीय व आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या ‘महाडीबीटी’वरून मिळतात, शेतकऱ्याचा सात-बारा संगणकावर गेला आहे, आणि स्पर्धा परीक्षेचा अर्ज कागदावर स्वीकारण्याची पद्धत जवळजवळ नामशेष झाली आहे. २०२० सालच्या टाळेबंदीत तर शाळाच घराघरांतील पडद्यावर भरली. शासनाने कागदाची वाट बंद केली आणि तारेची वाट तेवढी उघडी ठेवली. परंतु त्या वाटेवरचा नाकेदार खासगी कंपनी झाला आणि त्याने वाट अडविली तर दाद कोठे मागावयाची, याची मात्र नीट व्यवस्था लावली नाही. प्रश्नाचे मूळ येथे आहे.

मक्तेदारीकडून स्पर्धेकडे

या देशात सर्वसामान्य ग्राहकाला इंटरनेट प्रथम उपलब्ध झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. विदेश संचार निगम या सरकारी कंपनीकडे त्या वेळी या सेवेचा मक्ता होता. दूरध्वनीच्या तारेवरून, कर्कश आवाज करीत जुळणारी ती मंदगती जोडणी महाग होती व वारंवार तुटत असे. १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना परवाने देण्याचे धोरण आले आणि मक्तेदारी संपली. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिट हा किमान वेग ठरविला. पुढे तो ५१२ किलोबिट झाला आणि २०२३ मध्ये २ मेगाबिटवर आला. कागदावरील ही प्रगती खरीच आहे, आणि ती नाकारण्याचे कारण नाही.

ज्यांनी १९७० व १९८० ची दशके पाहिली आहेत त्यांना दूरध्वनीच्या प्रतीक्षायादीची आठवण असेल. बापाने नाव नोंदवावे आणि मुलाच्या लग्नानंतर यंत्र घरात यावे, असा तो जमाना होता. त्या अनुभवाने पोळलेल्या पिढीची अशी दृढ समजूत झाली की, सरकारी मक्तेदारी हेच सर्व दुःखांचे मूळ आहे. एकदा का चार कंपन्या बाजारात उतरल्या की ग्राहक हा राजा होईल. ज्याची सेवा वाईट त्याला ग्राहक सोडून जातील आणि ग्राहक जातील या भीतीने सेवा सुधारेल, असा हा सरळ हिशेब होता. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात स्पर्धेचे जे चित्र असते ते असेच असते.

मग चार कंपन्या येऊनही लिपिकाच्या राउटरवरचा दिवा तांबडाच का? याचे उत्तर असे की, पुस्तकातील स्पर्धेला काही अटी असतात आणि त्या अटी इंटरनेटच्या बाजारात पुऱ्या होत नाहीत. ग्राहकाला एक विक्रेता सोडून दुसऱ्याकडे सहज जाता आले पाहिजे ही पहिली अट. विकत घेतलेल्या वस्तूची प्रत त्याला ओळखता आली पाहिजे ही दुसरी. या दोन्हींचा येथे अभाव आहे.

शेवटच्या शंभर मीटरचा मालक

वर्तमानपत्रातील जाहिराती पाहिल्या तर कंपन्या पुष्कळ दिसतात. परंतु एखाद्या विशिष्ट इमारतीच्या जिन्यापर्यंत किती तारा पोचल्या आहेत हे पाहिले की चित्र पालटते. शहराच्या मुख्य रस्त्याखालून जाणारी फायबरची वाहिनी अनेकांची असू शकेल. तथापि तेथून घरापर्यंतचा शेवटचा टप्पा पुष्कळदा एकाच स्थानिक केबलवाल्याच्या ताब्यात असतो. ज्याने एकेकाळी गच्चीवरून गच्चीवर दूरचित्रवाणीची तार टाकली, तोच आज त्याच खांबांवरून इंटरनेटची तार नेतो. मोठ्या कंपनीचे नाव बिलावर असते, पण प्रत्यक्ष जोडणारा आणि तोडणारा हात त्याचा असतो. काही गृहनिर्माण संस्था एकाच पुरवठादाराशी करार करतात व दुसऱ्याला आत येऊ देत नाहीत. अशा इमारतीतील रहिवाशाला बाजारात चार कंपन्या आहेत हे सांगणे म्हणजे विहिरीत पडलेल्याला गावात चार दोर आहेत असे सांगण्यासारखे आहे.

यात पुरवठादाराच्या दुष्टपणापेक्षा व्यवसायाच्या रचनेचा भाग अधिक आहे. रस्ता खणणे, परवानगी मिळविणे, वाहिनी टाकणे हा खर्च एकदाच आणि मोठा असतो. त्यानंतर आणखी एक ग्राहक जोडण्याचा खर्च अल्प असतो. ज्या गल्लीत एकाने हा खर्च केला आहे तेथे दुसऱ्याने पुन्हा तोच खर्च करून निम्मे ग्राहक मिळवावेत, हे त्याला परवडत नाही. अर्थशास्त्रज्ञ ज्याला नैसर्गिक मक्तेदारी म्हणतात ती देशाच्या पातळीवर मोडली तरी गल्लीच्या पातळीवर अशी पुन्हा उगवते. तालुक्याच्या गावी तर एक पुरवठादार असला तरी नशीब समजावे, अशी स्थिती अनेक ठिकाणी आहे.

जेथे दुसरा पुरवठादार आहे तेथेही बदल करणे सोपे नसते. सवलतीच्या आमिषाने सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे आगाऊ भरलेले असतात; सोडून जावे तर ते बुडतात. राउटरची अनामत परत मिळविण्यासाठी खेटे घालावे लागतात. नव्या जोडणीसाठी पुन्हा भिंतीला भोक पाडावे लागते, पुन्हा बसविण्याचा आकार भरावा लागतो, आणि नवा पुरवठादार जुन्याहून बरा निघेल याची खात्री नसते. मोबाइलच्या बाबतीत जानेवारी २०११ पासून देशभर तोच क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय झाली व ग्राहकाचा हात काहीसा मोकळा झाला. घरात येणाऱ्या तारेच्या बाबतीत असे काही झालेले नाही.

‘पर्यंत’ या शब्दाची किमया

आता दुसरी अट पाहू जाता तेथेही अंधारच आहे. जाहिरातीत ‘१०० मेगाबिटपर्यंत वेग’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते. यातील ‘पर्यंत’ या तीन अक्षरी शब्दाने कंपनीला सर्व जबाबदारीतून मुक्त केलेले असते. वेग शंभर मिळाला तरी वचन पाळले गेले आणि पाच मिळाला तरी वचन मोडले असे म्हणता येत नाही. शेरभर दुधाचे पैसे घेऊन ‘शेरापर्यंत दूध’ देणारा गवळी कोणत्याही गावात टिकला नसता. इंटरनेटचा गवळी मात्र टिकतो.

शिवाय मेगाबिट व मेगाबाइट यांतील भेद बहुतेक ग्राहकांना कोणी समजावून सांगितलेला नसतो. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट हा वेग पूर्ण मिळाला तरी संगणकावर सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच उतरतात. याहून महत्त्वाचा मुद्दा वाटणीचा आहे. घरोघरी फायबर देण्याच्या एका प्रचलित पद्धतीत सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिट वाहून नेणारी एक वाट ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. चौसष्ट घरांना शंभर-शंभर मेगाबिट विकले तर विक्री ६.४ गिगाबिटची झाली, आणि वाट आहे अडीचची. सर्व घरे एकाच क्षणी पूर्ण वेग मागत नाहीत, म्हणून ही पद्धत स्वतः गैर नव्हे, एस.टी.चे किंवा बँकेचे गणितही अशाच अंदाजावर चालते. परंतु पुढे स्थानिक पुरवठादाराने बाहेरच्या जगाशी जोडणारी वाहिनी किती रुंद विकत घेतली आहे, यावर सर्व काही अवलंबून असते. त्याने तेथे काटकसर केली की रात्री नऊ वाजता सगळी आळी एकदम पडद्यासमोर बसते आणि कोणालाच धड काही दिसत नाही. ही काटकसर ग्राहकाला दिसत नाही, मोजता येत नाही, आणि म्हणून तिच्याबद्दल जाब विचारता येत नाही.

जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हेच दाखवून दिले होते. मोटार चांगली की भिकार हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. मग घेणारा सरासरी किमतीपलीकडे जाण्यास तयार होत नाही, चांगली मोटार बाळगणारा बाजारातून माघार घेतो, आणि उरतो तो भिकार माल. या विवेचनाबद्दल त्यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. इंटरनेटच्या बाजारात नेमके असेच घडण्याचा धोका आहे. दर्जा ओळखता येत नाही म्हणून ग्राहक केवळ दर पाहतो. आणि दर्जावर खर्च करणाऱ्या एखाद्या प्रामाणिक पुरवठादाराला दरात मागे पडण्याची शिक्षा मिळते.

निघून जाणारे आणि बोलणारे

त्याच १९७० साली आल्बर्ट हर्शमन यांचे ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ हे छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध झाले. कोणतीही संस्था घसरू लागली की तिच्या ग्राहकांपुढे दोन मार्ग असतात, निघून जाणे किंवा आवाज उठविणे, असे त्यांचे प्रतिपादन होते. नायजेरियाच्या रेल्वेचा कारभार त्यांनी पाहिला होता. रेल्वेला मालमोटारींची स्पर्धा होती, तरी रेल्वे सुधारत नव्हती. कारण ज्या व्यापाऱ्यांनी सर्वांत जास्त आरडाओरडा केला असता तेच मोटारींकडे निघून गेले, आणि मागे राहिलेल्यांच्या मुकाट सोसण्यावर रेल्वेचा कारभार निर्धास्तपणे चालू राहिला. अर्धवट स्पर्धा ही आळशी मक्तेदाराला कधी कधी सोयीची ठरते, हा त्यांचा निष्कर्ष विचार करण्याजोगा आहे.

या देशातही असेच झाले आहे. ज्यांना परवडते असे ग्राहक घरात दोन जोडण्या घेतात, एक बंद पडली तर दुसरी वापरतात. मोठ्या कंपन्या व बँका स्वतंत्र वाहिनी भाड्याने घेतात. ज्यांचा शब्द मंत्रालयात किंवा वर्तमानपत्राच्या कचेरीत ऐकला जाईल असे लोक अशा रीतीने या दुःखातून सुटले. मागे राहिली ती जिल्हा परिषदेची शाळा, अनुदानित महाविद्यालयाचे कार्यालय, भाड्याच्या खोलीत अभ्यास करणारा विद्यार्थी आणि महिन्याला पाच-सहाशे रुपये मोठ्या काटकसरीने बाजूला काढणारे कुटुंब. त्यांना निघून जाता येत नाही आणि त्यांच्या बोलण्याला कोणी दाद देत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

आवाज उठविण्याची व्यवस्था कागदावर नाही असे नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरण १९९७ च्या कायद्याने अस्तित्वात आले. प्राधिकरणाने २००६ मध्ये ब्रॉडबँडच्या दर्जाचे नियम केले. बिघाड तीन कामाच्या दिवसांपलीकडे रखडला तर सात दिवसांच्या, सात दिवसांपलीकडे गेला तर पंधरा दिवसांच्या, आणि पंधरा दिवसांपलीकडे गेला तर पूर्ण महिन्याच्या भाड्याइतकी सूट ग्राहकास द्यावी असे त्यात होते. या नियमांची जागा २०२४ च्या नव्या नियमांनी घेतली. तरी सुटीचे तत्त्व कायम आहे. २०१२ च्या नियमांनी प्रत्येक कंपनीत तक्रार केंद्र व त्यावर अपील प्राधिकारी अशा दोन पायऱ्या घातल्या. किती ग्राहकांना हे ठाऊक आहे? अशी सूट बिलातून आपोआप वजा झाल्याचे भाग्य किती जणांच्या वाट्याला आले?

त्यातही मौज अशी की, अपील प्राधिकारी हा कंपनीच्याच घरातला असतो. ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे त्याच्याच पुढे न्याय मागावयाचा. नियामक प्राधिकरण एकेका ग्राहकाची तक्रार हाताळीत नाही. कायद्याने ते काम त्याच्याकडे सोपविलेलेच नाही. दूरसंचार लवादाची दारेही एकट्या ग्राहकाच्या गाऱ्हाण्यासाठी नाहीत. कंपनीने दर्जा राखला नाही म्हणून प्राधिकरणाने दंड केला तरी तो ज्याचे नुकसान झाले त्या ग्राहकाच्या हाती पडत नाही. अर्ज हुकला विद्यार्थ्याचा आणि भरपाई गेली तिसरीकडे, अशी ही वाटणी आहे.

राहता राहिला ग्राहक न्यायालयाचा मार्ग. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तो खुला केला. पण २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १८८५ च्या तार कायद्यातील लवादाच्या तरतुदीकडे बोट दाखवून दूरध्वनीविषयक तंट्यांना ग्राहक मंचाचा दरवाजा बंद केला. पुढे २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने ग्राहकाला तेथे जाण्याचा अधिकार आहे असा निःसंदिग्ध निर्वाळा दिला, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही तो अधिकार अबाधित ठेवला. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीस जिल्हा आयोगात शुल्क पडत नाही, हेही खरे. परंतु शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण ज्या अनुभवातून आली तो अनुभव संपलेला नाही. महिना सहाशे रुपयांच्या जोडणीत पाच दिवस खंड पडला तर हिशेबाने नुकसान होते शंभर रुपयांचे. त्यासाठी जिल्ह्याच्या गावी जाणे, किरकोळ रजा खर्ची घालणे व तारखांमागून तारखा घेणे कोणाला परवडेल? प्रत्येकाचे नुकसान इतके लहान की कोणीही लढू नये, आणि सर्वांचे मिळून इतके मोठे की कंपनीने त्यावर निर्धास्त राहावे, असा हा पेच आहे.

कंपन्यांचीही एक बाजू

न्यायाने बोलावयाचे तर पुरवठादारांचेही काही म्हणणे आहे. नगरपालिका गटारासाठी रस्ता खणते आणि तीन फायबर तुटतात. वीज गेली की आळीतील पेटीतली बॅटरी तासा-दोन तासांत दम सोडते. पावसाळ्यात झाडाची फांदी पडून तार लोंबू लागते. अनेकदा दोष तारेत नसून घरातील जाड भिंतींत किंवा जुन्या राउटरमध्ये असतो. दर इतके खाली आले आहेत की स्थानिक केबलवाल्याच्या हाती फारसे काही उरत नाही, आणि मग पाचशे घरांमागे तो दुरुस्तीला दोन पोरे ठेवतो. ही पोरे पावसात शिडीवर चढून, हातमोजे न घालता, विजेच्या तारांलगत काम करतात. दोन्हीकडच्या शिव्या मात्र त्यांनाच खाव्या लागतात.

हे सारे मान्य केले तरी एक गोष्ट उरते. बिघाड होणे हा अपराध नव्हे. बिघाड झाला असता तो दुरुस्त न करता दुरुस्त केला असे लिहिणे आणि न दिलेल्या सेवेचे पैसे घेणे हा अपराध आहे. किराणा दुकानदाराने न दिलेल्या साखरेचे पैसे लावले तर त्याला जे नाव दिले जाईल, तेच येथेही दिले पाहिजे. आणि जर इतक्या कमी दरात चांगली सेवा देता येत नसेल, तर खरा दर व खरा वेग सांगून ग्राहकाला निवड करू देणे हा सचोटीचा मार्ग आहे. स्वस्ताईची जाहिरात करावयाची आणि दर्जात हात मारावयाचा, हा व्यापार नव्हे.

उपाय कोणते?

उपाय अवघड आहेत असेही नाही. काही तर शेजारच्या क्षेत्रांत रूढ झाले आहेत. २००३ च्या वीज कायद्याने वीज ग्राहकासाठी गाऱ्हाणे निवारण मंच व त्यावर स्वतंत्र विद्युत लोकपाल यांची तरतूद केली. बँकांच्या ग्राहकांना १९९५ पासून लोकपाल आहे. दूरसंचारासाठीही असा लोकपाल असावा अशी शिफारस खुद्द नियामक प्राधिकरणाने २०१७ मध्ये केली होती. विजेला जो न्याय तो इंटरनेटला का नसावा? कंपनीच्या पगारावर नसलेला, जिल्ह्याच्या ठिकाणी बसणारा आणि टपालाने आलेली साधी तक्रारही स्वीकारणारा अधिकारी नेमणे हे पहिले पाऊल होय.

दुसरे पाऊल भरपाई आपोआप मिळण्याचे. ब्रिटनमध्ये १ एप्रिल २०१९ पासून तेथील प्रमुख कंपन्यांनी नियामकाच्या देखरेखीखाली अशी योजना स्वीकारली. जोडणी पूर्ण बंद पडून दोन कामाच्या दिवसांत सुरू झाली नाही तर पुढील प्रत्येक दिवसाला ८ पौंड, आणि दुरुस्तीचा माणूस ठरल्या वेळी न आल्यास २५ पौंड, असे तिचे आरंभीचे दर होते. त्यासाठी ग्राहकाने भांडावयाचे नसते. जोडणी केव्हा तुटली व केव्हा जुळली याची नोंद कंपनीच्या यंत्रात प्रत्येक मिनिटाला होतच असते. बिल आकारण्यासाठी जे यंत्र अचूक चालते, तेच सूट देताना मुके होते, हे मान्य करण्याचे कारण नाही.

तिसरे पाऊल तक्रारीच्या नोंदीविषयीचे. ग्राहकाने स्वतः होकार दिल्याखेरीज कोणतीही तक्रार बंद करता येऊ नये. घरपोच सिलिंडर देताना मोबाइलवर आलेला आकडा ग्राहकाकडून विचारून घेतला जातो. मग इंटरनेटच्या दुरुस्तीला तो का विचारू नये? त्याबरोबर कंपन्यांच्या दर्जाचे आकडे परिमंडळाच्या सरासरीत न दडविता तालुका व प्रभाग यांनुसार प्रसिद्ध झाले पाहिजेत. मुंबईच्या वेगात एखाद्या दुर्गम तालुक्याचा वेग मिसळला की सरासरी नेहमीच गोंडस दिसते. गृहनिर्माण संस्थांनीही एकाच पुरवठादाराला जिना आंदण देण्याची प्रथा सोडली पाहिजे, आणि रस्ता खणताना नगरपालिकांनी सर्वांना भाड्याने घेता येईल अशी एक सामाईक नळी टाकली तर प्रत्येकाने पुन्हा पुन्हा रस्ता खणण्याची गरज राहणार नाही.

शासनाची जबाबदारी यापुढेही जाते. ज्या अर्जावर एखाद्या मुलीचे वर्ष किंवा एखाद्या कुटुंबाची शिष्यवृत्ती अवलंबून आहे, त्याची मुदत रात्री बाराच्या ठोक्याला यंत्राने बंद करणे हा निर्दयपणा आहे. त्या तालुक्यात त्या दिवशी सेवा बंद होती असे दिसल्यास मुदत वाढली पाहिजे, आणि कागदी अर्ज स्वीकारण्याची एक तरी खिडकी प्रत्येक तहसील कार्यालयात उघडी राहिली पाहिजे. सोयीसाठी आणलेले यंत्र गरिबाच्या वाटेतला अडसर बनत असेल, तर त्या सोयीचा हिशेब पुन्हा मांडावा लागेल.

शेवटी प्रश्न ग्राहकांच्या संघटनेचा येतो. महाराष्ट्राला या बाबतीत थोर परंपरा आहे. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली. त्यानंतर वर्षभरात मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. आणि देशाला ग्राहक कायदा मिळण्यापूर्वी दहा-बारा वर्षे या भूमीत तेल, डाळी आणि वजनमापे यांसाठी सामान्य माणसे एकत्र आली. त्या पिढीने तराजूचा काटा तपासावयास शिकविले. आताचा काटा डोळ्यांना दिसत नाही, एवढाच फरक आहे. एका ग्राहकाचे शंभर रुपये कोणाच्या हिशेबी नसतात. परंतु शिक्षक संघटनेने शंभर शाळांचे तक्रार क्रमांक, तारखा व बंद पडलेले तास एका कागदावर मांडले, किंवा एका सोसायटीच्या चाळीस सभासदांनी एकत्र सही करून जिल्हा आयोगाकडे अर्ज केला, तर त्या कागदाकडे दुर्लक्ष करणे कोणत्याही कंपनीला जड जाईल. हर्शमन यांच्या भाषेत, ज्यांना निघून जाता येत नाही त्यांनी एकत्र बोलावयास शिकले पाहिजे.

पूर्वी दूरध्वनी मृत झाला तर लाइनमनची वाट पाहावी लागे. परंतु त्याचे नाव-गाव ठाऊक असे, सायकलवरून जाताना त्याला चौकात अडविता येई, आणि फारच झाले तर खात्याच्या अधिकाऱ्याविरुद्ध खासदारामार्फत संसदेत प्रश्न विचारता येई. आज त्या जागी बारा आकडी क्रमांक आणि एक गोड ध्वनिमुद्रित आवाज आला आहे. सेवा वेगवान झाली. उत्तर देणारा मात्र नाहीसा झाला. तो पुन्हा समोर आणून उभा करणे हे कायद्याचे, नियामकाचे आणि संघटित ग्राहकांचे काम आहे. ते होईपर्यंत दर जूनमध्ये खिडकीबाहेर रांग उभी राहील, आत तांबडा दिवा लुकलुकत राहील, आणि अर्ज हुकलेल्या विद्यार्थ्याला सांगण्यासारखे त्या बिचाऱ्या लिपिकाजवळ काहीही असणार नाही.